ॲलिसची कोणती प्रत?

लुईस कॅरोल या टोपणनावाने लिहिणारा चार्ल्स लुटविज डॉजसन हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातला गणिताचा अध्यापक. त्याचे 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' १८६५ मध्ये छापले गेले आणि त्याचा पुढचा भाग 'थ्रू द लुकिंग-ग्लास' १८७१च्या अखेरीस बाजारात आला. ही दोन पुस्तके ज्याच्या कपाटात एकदा आली, त्याला ती पुन्हा घेण्याची तशी काही गरज नसते. तरीही त्यांच्या शेकडो, प्रसंगी हजारो वेगवेगळ्या प्रती जमवणारे संग्राहक इंग्लंड-अमेरिकेत गेली शंभर वर्षे आहेत. त्यांच्या याद्या, सूची आणि आपापसांतले वाद यांतून एक लहानसे अभ्यासक्षेत्रच तयार झाले आहे. यातला मूळ प्रश्न दिसायला साधा आहे. एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रतींपैकी कोणती जमवण्याजोगी आणि ती का? त्याची उत्तरे मात्र पिढीगणिक बदलत गेली आहेत.

लेखकाचा काटेकोरपणा

या छंदाला एवढे खाद्य मिळाले, त्याला बऱ्याच अंशी कॅरोलच कारणीभूत आहे. ४ जुलै १८६२ रोजी थेम्स नदीवर होडीतून सहलीला गेले असता त्याने लिडेल घराण्यातल्या तीन बहिणींना ही गोष्ट तोंडी सांगितली. मधल्या बहिणीच्या, म्हणजे ॲलिसच्या, आग्रहावरून ती स्वतःच्या हाताने उतरवून काढली, तीत स्वतःच ३७ चित्रे काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ते हस्तलिखित तिला भेट दिले. छापील पुस्तकासाठी गोष्ट बरीच वाढवली आणि 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांच्याकडून ४२ चित्रे काढून घेतली. प्रकाशक मॅकमिलन होते, पण छपाईचा आणि चित्रांचा खर्च कॅरोलचा होता. मॅकमिलनला विक्रीवर दलाली मिळत असे. पैसा स्वतःचा असल्यामुळे शब्दही त्याचाच चाले, आणि तो चालवण्यात त्याने कधी कसूर केली नाही.

मुलांच्या डोळ्यांत भरावा म्हणून बांधणीच्या कापडाचा लाल रंग त्याने निवडला. पहिली छपाई रद्द केली. लहानग्यांसाठी सोपी करून लिहिलेल्या 'द नर्सरी ॲलिस'च्या दहा हजार प्रती छापून तयार असताना चित्रांचे रंग फार भडक झाले म्हणून त्या नाकारल्या आणि अमेरिकेला देऊ केल्या. इंग्लंडसाठी पुस्तक पुन्हा छापून १८९० मध्ये आणले. १८९३ मध्ये 'लुकिंग-ग्लास'च्या, शीर्षकपानावर 'साठावा हजार' असे लिहिलेल्या छपाईतली चित्रे नीट उठली नाहीत हे ध्यानात येताच त्या प्रती परत मागवल्या. १८७६ मध्ये 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' निघताना त्याने प्रकाशकाला सुचवले की वेष्टणाच्या कागदावरही पुस्तकाचे नाव छापावे, म्हणजे दुकानात पुस्तक वेष्टणातच राहील आणि स्वच्छ राहील. छापील वेष्टणाच्या आरंभीच्या इतिहासात ही सूचना आवर्जून नोंदवली जाते. मुद्रकाला आणि प्रकाशकाला हा लेखक केवढा जाच वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याच्या प्रत्येक हरकतीने मात्र पुस्तकाचा एक वेगळा नमुना मागे ठेवला, आणि पुढे संग्राहक नेमके हेच नमुने शोधत राहिले.

सूचींपासून संस्थांपर्यंत

कॅरोल १८९८ मध्ये वारला. त्याच्या प्रतींचा पद्धतशीर शोध त्यानंतर पाव शतकाने सुरू झाला. सिडनी हर्बर्ट विल्यम्स यांनी १९२४ मध्ये पहिली ग्रंथसूची काढली. फाल्कनर मदन यांच्या साथीने १९३१ मध्ये त्यांनी तिचे विस्तृत रूप तयार केले. पुढे रॉजर लान्सलिन ग्रीन आणि डेनिस क्रच यांनी १९६२ व १९७९ मध्ये त्यात भर घातली. आजही विक्रेत्यांच्या याद्यांत प्रतीपुढे या सूचीतला क्रमांक दिलेला असतो.

लोकांचे लक्ष या छंदाकडे वळवले ते १९२८च्या एका लिलावाने. ॲलिस लिडेल, म्हणजे तेव्हाच्या वृद्ध विधवा श्रीमती हारग्रीव्ह्‌ज, यांनी आपले हस्तलिखित सदबीजमध्ये विकायला काढले. अमेरिकन व्यापारी ए. एस. डब्ल्यू. रोझनबाख यांनी ते १५,४०० पौंडांना घेतले. पुढे १९४६ मध्ये ते पुन्हा लिलावात आले तेव्हा अमेरिकन देणगीदारांनी वर्गणी करून ते ५०,००० डॉलरना मिळवले आणि १९४८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला भेट दिले. युद्धात ब्रिटनने दाखवलेल्या धैर्याबद्दलची ती कृतज्ञता होती. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

याच काळात मोठे खासगी संग्रह विद्यापीठांकडे जाऊ लागले. हारकोर्ट एमरी यांचा संग्रह हार्वर्डला, मॉरिस पॅरिश यांचा प्रिन्स्टनला, आल्फ्रेड बेरोल यांचा न्यूयॉर्क विद्यापीठाला आणि वॉरन वीव्हर यांचा टेक्सास विद्यापीठाला मिळाला. इंग्लंडात १९६९ मध्ये आणि उत्तर अमेरिकेत १९७४ मध्ये लुईस कॅरोल सोसायट्या स्थापन झाल्या. एकट्याने करायचा छंद त्यानंतर सामूहिक अभ्यासाचा विषय झाला.

पहिली आवृत्ती म्हणजे कोणती

सर्वांत जुना आणि सर्वांत खर्चिक वाद पहिल्या आवृत्तीचा आहे. तो समजण्यासाठी सूचीकारांचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. मराठी प्रकाशनव्यवहारात 'दुसरी आवृत्ती' असे छापलेले पुस्तक पुष्कळदा पहिल्याचेच पुनर्मुद्रण असते. सूचीकार मात्र खिळ्यांची जुळणी नव्याने झाली असेल तरच नवी आवृत्ती मानतात. जुळणी तीच असेल तर ते पुनर्मुद्रण. आणि छापून झालेले फर्मे तेच ठेवून फक्त शीर्षकपान बदलले, तर ती त्याच आवृत्तीची वेगळी खेप.

आता घटना पाहाव्यात. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने १८६५च्या जूनमध्ये दोन हजार प्रती छापल्या. सुमारे पन्नास प्रतींची बांधणी झाली होती आणि कॅरोलने मित्रमंडळींना प्रती भेट द्यायला सुरुवातही केली होती. जुलैमध्ये टेनिएल यांनी चित्रांच्या छपाईबद्दल तीव्र नापसंती कळवली. कॅरोलने सगळी छपाई रद्द केली, दिलेल्या प्रती परत मागितल्या आणि परत आलेल्या प्रती रुग्णालयांना वाटल्या. लंडनच्या रिचर्ड क्ले यांनी पुस्तक नव्याने जुळवून छापले. शीर्षकपानावर १८६६ हे वर्ष असले तरी ते नोव्हेंबर १८६५ मध्येच विक्रीला आले. ऑक्सफर्डचे उरलेले सुटे फर्मे न्यूयॉर्कच्या डी. ॲपलटन यांना विकले गेले आणि १८६६ची नवी शीर्षकपाने लावून अमेरिकेत खपले. टेनिएल यांना जी छपाई लंडनच्या गिऱ्हाइकासमोर ठेवण्याच्या लायकीची वाटली नाही, ती अमेरिकन मुलांना चालेल असे कॅरोलने धरले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

यातून तीन दावेदार उभे राहतात. १८६५च्या मूळ प्रती आज बावीस-तेवीसच ज्ञात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक संस्थांकडे आहेत. ॲपलटनच्या प्रती म्हणजे सूचीकारांच्या नियमाने पहिल्याच आवृत्तीची दुसरी खेप. मॅकमिलनची १८६६ची प्रत नियमाने दुसरी आवृत्ती ठरते, पण लेखकाने मान्य करून विकायला काढलेली ती पहिलीच. नियमनिष्ठ संग्राहक म्हणतात की छपाई हीच खरी घटना, त्यामुळे ॲपलटन मॅकमिलनच्या आधी. दुसरा पक्ष म्हणतो की लेखकाने टाकून दिलेल्याला पहिली आवृत्ती म्हणणे म्हणजे नियमाचे शब्द पाळून त्याचा हेतू विसरणे. व्यापाऱ्यांनी मधला मार्ग काढला आहे: १८६६च्या मॅकमिलन प्रतीला ते 'पहिली प्रकाशित आवृत्ती' म्हणतात. ही तडजोड व्यापाराच्या सोयीची असली तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

टेनिएल यांची नेमकी तक्रार काय होती, यावरही एकमत झालेले नाही. शाई पानाच्या पाठीमागे उमटली होती, की चित्रे कुठे जड आणि कुठे फिकी उठली होती? काही अभ्यासकांनी दोन्ही छपाया शेजारी ठेवून पाहिल्या आणि फरक वाटतो तेवढा मोठा नाही असे मत दिले. काहींच्या मते दोष चित्रांइतकाच मजकुराच्या मांडणीतही होता. विक्रेत्यांच्या दृष्टीने मात्र अशा प्रश्नांपेक्षा खुणा महत्त्वाच्या असतात. १८६६च्या प्रतीत अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या ओळीत एक इंग्रजी 'एस' उलटा बसला आहे. 'लुकिंग-ग्लास'च्या पहिल्या छपाईत पान २१ वर 'वेब' या शब्दाऐवजी 'वेड' पडला आहे. छापखान्यातल्या कामगाराची अशी एक डुलकी दीडशे वर्षांनंतर प्रतीची किंमत ठरवते.

कोणता मजकूर प्रमाण

पहिल्या आवृत्तीचा वाद पैशांभोवती फिरतो. मजकुराचा वाद पुस्तकाशी अधिक जवळचा आहे. कॅरोल जन्मभर दुरुस्त्या करत राहिला. मॅकमिलनच्या शीर्षकपानांवर 'पाचवा हजार', 'साठावा हजार' असे छापलेले असे, त्यामुळे कोणता बदल केव्हा झाला हे पडताळता येते. लॉबस्टरवरची विडंबनकविता हे याचे चांगले उदाहरण आहे. आरंभीच्या प्रतींत तिचे दुसरे कडवे दोन ओळींवरच तुटते. अपुऱ्या ओळी कॅरोलने १८७० मध्ये एका गीतसंग्रहासाठी पुरवल्या, आणि १८८६ मध्ये रंगभूमीवरच्या प्रयोगासाठी कविता सोळा ओळींची केली. आज बहुतेक प्रतींत हेच अखेरचे रूप असते. १८६६ची प्रत वाचणाऱ्या मुलांना ते ठाऊक नव्हते.

१८९७च्या आवृत्तीसाठी कॅरोलने शेवटची कसून तपासणी केली. डोमकावळा आणि लिहिण्याचे मेज यांत साम्य काय, या चहापानाच्या प्रसंगातल्या कोड्याला मुळात उत्तरच नव्हते. या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने एक उत्तर देऊन टाकले. त्यात 'कधीही नाही' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहिला होता, कारण ती अक्षरे उलटी वाचली की डोमकावळ्याचे इंग्रजी नाव होते. नंतरच्या छपाईत कोणा मुद्रितशोधकाने ते स्पेलिंग 'सुधारले' आणि गंमत मेली. ती डेनिस क्रच यांनी १९७६ मध्ये शोधून काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी हा विनोद परत मिळाला, तो कोणीतरी दोन जुन्या प्रती ताडून पाहिल्या म्हणून. आवृत्त्या जमवण्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

संपादकांत दोन तट आहेत. एक १८९७चा मजकूर प्रमाण मानतो, कारण ती लेखकाची अखेरची इच्छा. दुसरा आरंभीचा मजकूर पसंत करतो, कारण वाचकांवर गारूड केले ते त्या रूपाने. पासष्टीतल्या कॅरोलने तिशीतल्या कॅरोलला दुरुस्त केलेच पाहिजे असे नाही, असे हा पक्ष म्हणतो. मार्टिन गार्डनर यांच्या १९६०च्या 'द ॲनोटेटेड ॲलिस'ने वाद मिटवला नाही, पण टिपांतून पाठभेद सामान्य वाचकापुढे आणले. महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीमुळे मराठी वाचकाला पाठभेद ही कल्पना परकी नाही; तिचा वापर मुलांच्या पुस्तकासाठी होणे ही मात्र विसाव्या शतकातली गोष्ट. गार्डनर यांनीही १९९०, १९९९ मध्ये आपल्याच पुस्तकाची नवी रूपे काढली आणि २०१५ मध्ये आणखी एक रूप आले. त्यामुळे आता त्यांच्याही आवृत्त्या जमवणारे आहेत.

गाळलेला मजकूर हा यातलाच एक उपप्रश्न. टेनिएल यांच्या सल्ल्यावरून कॅरोलने 'लुकिंग-ग्लास'मधला टोप घातलेल्या गांधीलमाशीचा प्रसंग वगळला होता. त्याची प्रुफे १९७४ मध्ये सदबीजच्या लिलावात प्रकटली आणि १९७७ मध्ये छापली गेली. काही आवृत्त्यांनी तो भाग परिशिष्टात घेतला. तो कथेत परत घालावा असे म्हणणारे थोडे आहेत.

टेनिएल आणि बाकीचे

पुस्तकाचा हक्क १९०७ मध्ये संपला आणि त्याच वर्षी नव्या चित्रांच्या ॲलिस एकापाठोपाठ एक बाहेर पडल्या. त्यांत आर्थर रॅकहॅम यांची सर्वांत गाजली. अमेरिकेत पीटर न्यूवेल यांनी १९०१ मध्येच आपली चित्रे आणली होती. रॅकहॅम यांच्या प्रतीच्या आरंभी ऑस्टिन डॉबसन यांचे पद्य आहे, आणि त्यातही टेनिएल यांना मुजरा केल्याशिवाय पुढे जाता आलेले नाही. 'पंच'ने तर टेनिएल यांचेच राज्य अबाधित असल्याचे व्यंगचित्र छापले.

टेनिएलनिष्ठांचे म्हणणे केवळ भावनेचे नाही. ही चित्रे पानाच्या रचनेत बसवलेली आहेत. 'लुकिंग-ग्लास'मध्ये ॲलिस आरशात शिरते ते चित्र एका पानावर आणि पलीकडे बाहेर पडते ते त्याच पानाच्या पाठीवर आहे. पान उलटले की वाचकही आरशापलीकडे जातो. नव्या जुळणीत ही दोन चित्रे वेगळ्या पानांवर गेली की सगळी युक्ती वाया जाते. स्वस्त पुनर्मुद्रणांत ती बहुधा गेलेलीच असते. म्हणून या पक्षाच्या लेखी टेनिएल यांची चित्रे मूळ मांडणीत नसतील, तर ती प्रत अर्धीच.

चित्रांची प्रतही एकसारखी नाही. डॅल्झिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली चित्रे छापखान्यात मात्र त्या ठोकळ्यांवरून घेतलेल्या धातूच्या ठशांनी छापली जात. मूळ ठोकळे १९८५ मध्ये एका बँकेच्या तिजोरीत सापडले आणि १९८८ मध्ये त्यांवरून अडीचशे संच छापले गेले. टेनिएल यांची रेष तिच्या पूर्ण बारकाव्यानिशी अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी पाहायला मिळाली. रंगाचा मुद्दा अजून वेगळा. मॅकमिलनच्या १९११च्या प्रतीसाठी हॅरी थिएकर यांनी काही चित्रे रंगवली आणि अनेक वाचकांच्या मनात तीच ठसली. कॅरोलने स्वतः 'नर्सरी ॲलिस'साठी टेनिएल यांच्याकडून वीस रंगीत चित्रे घेतली होती, तेव्हा रंगाला सरसकट अपवित्र ठरवता येत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की प्रत्येक पिढीने ॲलिसला कोणत्या डोळ्यांनी पाहिले, हे जाणण्यासाठीच आवृत्त्या जमवायच्या. मर्व्हिन पीक यांची युद्धोत्तर ॲलिस, १९६६ मधली तोवे यान्सन यांची स्वीडिश ॲलिस, राल्फ स्टेडमन यांची १९६७ची तिखट राजकीय ॲलिस, साल्वादोर दाली यांची १९६९ मधली दोरीवरच्या उड्या मारणारी छायाकृती, बॅरी मोझर यांचे १९८२चे लाकडी कोरीवकाम, हेलन ऑक्सनबरी यांची १९९९ मधली साध्या निळ्या झग्यातली आजची मुलगी आणि यायोई कुसामा यांनी २०१२ मध्ये ठिपक्यांनी भरून टाकलेली पाने: ही रांग समोर लावली की दीडशे वर्षांत बालपणाविषयीच्या कल्पना कशा बदलल्या, ते दिसते. या पक्षाचा युक्तिवाद आता वरचढ ठरला आहे, आणि त्याला एक व्यावहारिक कारणही आहे: १८६६ची प्रत सर्वांना परवडत नाही, पण चित्रकारवार संग्रह कोणत्याही ऐपतीच्या माणसाला सुरू करता येतो. दाली आणि रॅकहॅम यांच्या प्रतींना यातून एक अपाय झाला. चौकटीत लावून विकण्यासाठी त्यांतली चित्रे सुटी केली जातात आणि पुस्तक नाहीसे होते. पुस्तक फाडून चित्रे विकण्याचे समर्थन जाणत्या संग्राहकांत क्वचितच कोणी करते. चित्रांच्या बाजारात मात्र त्याला विरोध नाही.

परभाषेतली ॲलिस

जर्मन आणि फ्रेंच भाषांतरे १८६९ मध्येच निघाली, तीही कॅरोलच्या देखरेखीखाली. पुढे १९२२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चाओ युएन रेन यांनी ती चिनीत आणली आणि १९२३ मध्ये तरुण व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी बर्लिनमध्ये रशियनमध्ये. तिथे ॲलिसची आन्या झाली. भाषांतरे जमवण्याला शिस्त लावली ती वॉरन वीव्हर यांनी. हे गणिती यंत्रभाषांतराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९६४च्या 'ॲलिस इन मेनी टंग्ज' या पुस्तकात त्यांनी चहापानाच्या प्रसंगाची निरनिराळ्या भाषांतली रूपे जाणकारांकडून शब्दशः इंग्रजीत परत आणवून तपासली. विनोद कुठे तगला आणि कुठे बुडाला हे त्यातून दिसले. जॉन लिंडसेथ यांच्या संपादनाखाली २०१५ मध्ये निघालेल्या त्रिखंडी ग्रंथाने हीच रीत १७४ भाषांना लावली.

मराठीत भा. रा. भागवत यांनी 'जाईची नवलकहाणी' लिहिली. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचे करणाऱ्या भागवतांनी इथे नायिकेलाच मराठी नाव दिले. इथे संग्राहकांपुढे अडचण उभी राहते. शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर ही कॅरोलच्या पुस्तकाची आवृत्ती म्हणता येते. पण नाव, विडंबने, खाणेपिणे सगळे बदलले की ते स्वतंत्र पुस्तक मानावे का? वीव्हर यांच्या परंपरेतले लोक दोन्ही जमवतात आणि वेगळ्या रकान्यांत मांडतात. कडक सूचीकार रूपांतरे बाहेर ठेवतात. कॅरोलची विडंबने ज्या कवितांवर बेतली आहेत त्या इंग्रज मुलांच्या पाठातल्या होत्या. मराठी मुलाला त्या ठाऊकच नसतील तर त्या जागी ओळखीची कविता घेणारा भाषांतरकार मूळ युक्तीशी अधिक प्रामाणिक राहतो. या कसोटीने रूपांतरांना बाहेर ठेवण्याची बाजू लंगडी पडते.

प्रतीची अवस्था आणि किंमत

मूळ लाल कापडाची, सोनेरी शिक्क्याची, पण खिळखिळी झालेली प्रत बरी, की नामांकित बांधणीकाराने चामड्यात बांधलेली देखणी प्रत? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीमंत संग्राहक जुने कापड काढून नवी बांधणी करून घेत. आजची पसंती निःसंशय मूळ बांधणीला आहे. वेष्टणाबाबतही तसेच: एके काळी फेकून दिला जाणारा हा कागद आता किंमत कित्येक पटींनी वाढवतो. कॅरोलच्या जांभळ्या शाईतली अर्पणाक्षरे असलेल्या प्रतींचा दर्जा स्वतंत्र आहे. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत तो ही शाई वापरत असे.

किमतींचा आलेख मात्र सरळ चढता नाही. टेनिएल यांची दहा मूळ चित्रे सोबत असलेली १८६५ची एक प्रत १९९८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये १५ लाख ४० हजार डॉलरना गेली. २०१६ मध्ये त्याच लिलावघराने आणखी एक १८६५ची प्रत मांडली, अंदाज वीस ते तीस लाख डॉलरचा होता, आणि ती विकलीच गेली नाही. कॅरोलची 'सिल्व्ही अँड ब्रुनो' ही कादंबरी दोन भागांत १८८९ आणि १८९३ मध्ये निघाली. तिच्या पहिल्या आवृत्त्या आजही माफक किमतीला मिळतात, कारण त्या भरपूर छापल्या गेल्या आणि त्यांच्या मागे धावणारे वाचक थोडे. दुर्मिळता आणि जिव्हाळा एकत्र आल्याशिवाय जुन्या बालपुस्तकाला भाव येत नाही.

अनिर्णित राहिलेले

संगणकयुगाने आवृत्तीची व्याख्याच ढिली केली आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या यादीत ॲलिसचा क्रमांक अकरावा. १९९१ पासून हा मजकूर फुकट उपलब्ध आहे. तो उतरवून घेऊन, कोणतेही मुखपृष्ठ चिकटवून मागणीनुसार छापलेल्या असंख्य प्रती ऑनलाइन दुकानांत मिळतात. त्यांना मुद्रक असतो, संपादक नसतो; पुष्कळदा चित्रकाराचे नावही नसते. त्यांची सूची करावी, असे काही सोसायटी-सदस्य मानतात, कारण एकविसाव्या शतकातली ॲलिस ती हीच. इतरांना ते व्यर्थ वाटते, आणि हाती असलेल्या माणसांचा व पैशांचा विचार करता त्यांचेच म्हणणे व्यवहार्य आहे. २०१० मध्ये आयपॅडसाठी निघालेल्या हलत्या चित्रांच्या ॲलिसचे तर काय करायचे, हे कोणत्याच सूचीने ठरवलेले नाही. जुने यंत्र बंद पडले की ती आवृत्तीही उघडत नाही.

दुसरा खुला प्रश्न उपयोगाचा आहे. ब्रिटिश लायब्ररीचे हस्तलिखित आणि जुन्या छपायांच्या प्रतिमा आता कोणालाही पडद्यावर पाहता येतात. अभ्यासासाठी एवढे पुरे, असे एक मत आहे. दुसरे मत असे की कागदाचा पोत, ठशाचा दाब, पानामागून डोकावणारी शाई हे पडद्यावर कळत नाही, आणि टेनिएल यांच्या १८६५च्या तक्रारीचा निकाल लागायचा तर तो प्रत्यक्ष प्रतींवरूनच लागेल.

भारतीय भाषांतल्या ॲलिसची कहाणी तर या वादांपर्यंत अजून पोचलेलीच नाही. इथली रूपांतरे शाळांची ग्रंथालये, सार्वजनिक वाचनालयांचे बालविभाग आणि रद्दीची दुकाने यांत विखुरलेली आहेत. मुलांच्या हाताळणीने त्यांची पाने जातात आणि जीर्ण पुस्तके रद्द करताना ती आधी निघतात. 'जाईची नवलकहाणी'ची जुनी छपाई ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती टाकू नये. शीर्षकपान, छपाईचे वर्ष, मुद्रणालय आणि चित्रकाराचे नाव एवढी नोंद जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला कळवली, तरी सूचीकाराचे काम सुरू होऊ शकेल.